तुला वाचून दाखवलेली बातमी

आई, माझा उजवा खांदा आता कायमचा गेला. डॉक्टर म्हणाले, हात डोक्याच्या वर जाणार नाही. बेसबॉल खेळायचा पगार घेणारा आपल्या तेलगावातला मी पहिला. इतकी वर्षं चेंडू फेकला, आणि आता सदरा घालायलाही बायकोला हाक मारावी लागते.

अजून डोळ्यापुढं दिसतं, तू ज्वारीच्या राखणीला माळ्यावर उभी आहेस. ढेकूळ उचलतेस, कंबरेतून वळतेस आणि ते पार बांधापल्याड जाऊन पडतं. "खांद्यानं कावून फेकतो? कंबर फिरव, हात आपुआप येतंय." एकदा माझ्या ढेकळानं साळुंकी मेली, तेव्हा केवढी रागावलीस. "हुसकायचं असतंय, मारायचं न्हाई!" पुढे शाळेतल्या सरांनी माझ्या हातात बेसबॉल दिला, नियम शिकवले. पण फेकणं तुझंच होतं.

पगारी संघानं मला घेतलं तेव्हा बीडच्या एका पेपरात माझी मुलाखत आली. तू पदराला हात पुसत चुलीपुढून उठलीस. "वाच की. माझं नाव हाय का त्यात?" नव्हतं. मी फक्त सरांचं नाव सांगितलं होतं. तरी मी पेपरावर नजर ठेवून वाचलं, "फेकायला मला माझ्या आईनं शिकवलं." तू लई हसलीस. दुसऱ्या दिवशी तो पेपर घडी घालून वडवणीच्या बाजाराला घेऊन गेलीस. परत आलीस ती थेट चुलीपुढं बसलीस. मी विचारलं, "दाखवलास का कुणाला?" तू म्हणालीस, "गर्दी लई होती. कुणाला सवडच न्हाई." आणि माझ्या ताटात भाकरी वाढलीस.

त्याच हिवाळ्यात तू गेलीस. मी सरावाच्या शिबिरात होतो. पोचलो तेव्हा सगळं उरकलं होतं. तेराव्याला मावशी म्हणाली, "बाजारात बांगडीवाल्यानं वाचला बाबा तुझा पेपर. तिनं त्याला परत वाचायला लावला. मग मला म्हणली, पोराला काय बोलू नको, त्यानं माझ्यासाठीच खोटं वाचलं."

हे कुठं धाडायचं नाही, म्हणून उरलेलंही लिहितो. मुलाखत घेणाऱ्यानं विचारलं होतं, घरी कुणाला खेळातलं कळतं का? मी म्हणालो होतो, "नाही, घरचे सगळे अडाणी." तेही छापलं होतं, अगदी खाली. बांगडीवाला तिथपर्यंत वाचत गेला का, हे मावशीला विचारायची हिंमत मला आजवर झालेली नाही.