खाकी कोटाच्या बाह्या

गिरगाव, मुंबई ४
ता. २१ फेब्रुवारी १९६०

प्रिय सरोजिनी,

अनेक आशीर्वाद. तुझे पत्र आणि सोबतचा अर्ज मिळून अकरा दिवस झाले. एवढा विलंब माझ्याकडून सहसा होत नाही, हे तू जाणतेस. इंजिनिअरिंगचे तिसरे वर्ष अर्धवट सोडून तू पुण्याहून परत येणार, इथे बी.एस्सी.ला नाव घालणार आणि आईच्या मागे माझे घर सांभाळणार, असे तू लिहिलेस. अर्जावर पालक म्हणून माझी सही मागितलीस आणि मॅट्रिकचे प्रमाणपत्र शोधून ठेवण्यास सांगितलेस.

पत्र वाचून मला प्रथम बरे वाटले, हे कबूल करतो. कार्तिकात तुझी आई गेली तेव्हापासून मी दोन्ही वेळा खानावळीत जेवत होतो आणि परत येऊन स्वतःच कुलूप उघडत होतो. आता दार आतून उघडले जाईल, एवढेच मनात आले. शिवाय मुलीने सिव्हिल इंजिनिअर व्हावे, हे मला कधीच रुचले नव्हते. बी.एस्सी., बी.टी. आणि मग एखाद्या शाळेत गणित, असा तुझ्यासाठी माझा विचार होता, कारण मी स्वतः तसाच जगलो. १९५७ च्या जूनमध्ये प्रवेशाचा अर्ज माझ्यापुढे ठेवून तुझी आई म्हणाली होती, की अहो, जन्मभर मुलांना पुलांची गणिते घातलीत, आता ती सोडवणारी घरातच निघाली तर बिघडले कुठे? मी सही केली, पण मनाविरुद्ध.

तू परत येणार हे मी शेजारच्या बाबुरावांना मोठ्या समाधानाने सांगितले. मराठी राज्यासाठीच्या सत्याग्रहात तीन महिने तुरुंगात काढलेला हा गृहस्थ सध्या नवे राज्य कोणत्या तारखेला होणार यावर चाळीत पैजा लावीत असतो. तो म्हणाला, मास्तर, राज्यासाठी लाठ्या आम्ही खायच्या, आणि त्याचे पूल बांधणारी पोर तुम्ही पोळ्या लाटायला बोलवायची, हा कुठला हिशेब? मला राग आला. त्या रागातच सही करून टाकावी म्हणून प्रमाणपत्र शोधायला बसलो. ते तुझ्या आईच्या ट्रंकेत होते. ती ट्रंक मी इतके दिवस उघडली नव्हती.

प्रमाणपत्राखाली वर्तमानपत्रात बांधलेले एक पुडके निघाले. त्यात खाकी ड्रिल कापडाच्या दोन अर्ध्या बाह्या होत्या. महायुद्धात मी हवाई हल्ल्यापासून बचावाच्या दलात वॉर्डन होतो, त्या कोटाच्या. तो कोट नाहीसा झाला म्हणून मी गणपत धोब्याशी भांडलो होतो आणि त्याच्याकडे कपडे टाकणेच बंद केले होते. वर्कशॉपमध्ये लोहारकामाला घालतेस तो तुझा डगला कशाचा होता, ते तेव्हा कळले. तुम्हा दोघींना ते अर्थातच ठाऊक होते. एका बाहीवर तुझ्या आईने पेन्सिलीने लिहिले आहे, ‘सरू, कोपरापर्यंत’. आणि ते वर्तमानपत्र एप्रिल सत्तावन्नचे आहे.

मी सही केली ती जूनमध्ये. म्हणजे मी नाही म्हणत होतो, त्याच दिवसांत ती माझा कोट कापून बसली होती. मी शेवटी काय करीन याची मला खात्री नव्हती, तिला होती.

काल गणपतकडे जाऊन त्याची रीतसर क्षमा मागितली. तो म्हणाला, मास्तर, चोर म्हणालात ते विसरेन, पण अडीच वर्षे दुसऱ्याकडून असली इस्त्री करून घेतलीत, ते नाही विसरणार. मग त्याने माझी कॉलर नीट केली. कार्तिकानंतर प्रथमच मला हसू आले. आता घरीच स्टोव्हवर भात जमू लागला आहे. वरण तिसऱ्या खेपेला खाण्याजोगे झाले. तेव्हा माझ्या जेवणाची काळजी करू नकोस.

हे पत्र लिहिण्याचे कारण एवढेच, की तुझा अर्ज मी सही न करता परत पाठवीत आहे. तो तूच फाड; कागद फाडण्याची माझ्या हाताला सवय नाही. प्रमाणपत्र पुन्हा ट्रंकेत ठेवले आहे. बाह्या मात्र बाहेर खुंटीवर आहेत. सुट्टीत येशील तेव्हा तो डगला घेऊन ये. वॉर्डनचा कोट आता कसा दिसतो, ते मला एकदा पाहायचे आहे.

तुझाच,
नाना