महाराजांचा राग

मंगळवार, ३ मार्च

मेलेली दाई परत आली! सहाव्या भागात नदीत बुडाली. तिच्यासाठी मी बूथमध्ये घसा फोडून रडले. आणि आज आठव्या भागात बाई पुलावर हजर, अंगावर पाण्याचा थेंब नाही! डबिंगच्या दिग्दर्शकांना विचारलं. म्हणाले, "ताई, तुम्ही ओठ जुळवा. कथा नका जुळवू."

जुळवते. दुसऱ्यांचे ओठ जुळवूनच तर घर चालवलं, एकटीने लेक वाढवली. पण डोकं काही चपलांबरोबर बूथबाहेर काढून ठेवता येत नाही. या कोरियन मालिकेची नायिका वैद्याची मुलगी. पुरुषाची टोपी घातली की अख्ख्या दरबाराला ओळखू येत नाही — आणि लहानपणी याच दरबारात बागडत होती म्हणे! चौथ्या भागात उजव्या दंडात बाण घुसला, पाचव्यात त्याच हाताने धनुष्य ओढते. तेही एक वेळ सोडा. पण ज्या राजाने बापाचं डोकं उडवलं, त्याच्याच गळ्यात पडायला निघाली आहे.

गुरुवार, ५ मार्च

ज्या कादंबरीवरून मालिका केली, तिचं भाषांतर वाचून संपवलं. तिथे दाई एकदाच मरते. आणि राजा कोंडून ठेवतो तेव्हा नायिका कडी उचकटते, होडीत बसते आणि निघून जाते. मागे वळूनसुद्धा बघत नाही. मालिकावाल्यांनी होडीच गाळली!

लेकीला सांगितलं. ती नखं रंगवत होती. "अगं, प्रेम आहे म्हणून चिडतो ना तो. डोळे बघितलेस त्याचे?"

"डोळ्यांचं काय लोणचं घालायचंय?"

हसली नाही. मित्राचा फोन आला, तशी ओल्या नखांनीच बाल्कनीत पळाली. सारखा फोन करत असतो — कुठे आहेस, कोणाबरोबर आहेस, जेवलीस का. काळजी करणारा आहे पोरगा. मला भेटला की नुसतं "काकू, काकू".

सोमवार, ९ मार्च

अकराव्या भागाची संहिता आली. नायिका चुलतभावाशी दोन शब्द बोलली, म्हणून राजाने तिला ऐन बर्फात धान्याच्या कोठारात कोंडलं. सकाळी दार उघडतो. आणि ती — नाडी बघून विष ओळखणारी, भर दरबारात प्रधानाला गप्प करणारी — त्याच्या पायाशी बसून म्हणते: "चुकलं माझंच. तुमचं प्रेम आहे, म्हणून रागावता."

माझ्या तोंडून? हॅट!

मंगळवार, १० मार्च

नाही बोलले.

हेडफोन चढवले, लाल दिवा लागला, पडद्यावर तिचे ओठ हलले. मी म्हणाले, "चुकलं तुमचंच. तुमचं प्रेम असतं, तर कोंडलं नसतंत." ओठांवर असं चपखल बसलं! काचेपलीकडे रेकॉर्डिस्टने अंगठा वर केला. मग दिग्दर्शकांचा चेहरा बघून हळूच खाली घेतला.

"ताई, हे काय?"

"तिच्या बापाचा खुनी आहे तो. तुमचं वाक्य तिच्या तोंडी शोभत नाही."

"प्रेक्षकांना आवडतं."

"मग प्रेक्षकांना बोलवा बूथमध्ये."

राजाला आवाज देणारे आमचे 'खर्जे' बाहेर खोकल्याची गोळी चघळत बसले होते. म्हणाले, "बोलून टाका ना बाई. पडद्यावरचं भांडण कशाला अंगावर घेता?"

"तुम्ही कोंडून मोकळे झालात. तुमचं काय जातंय?"

त्यांनी मग गोळ्यांचं पाकीट पुढे केलं. घेतली एक. तसा भला माणूस.

बुधवार, ११ मार्च

दिग्दर्शकांचा फोन. उरलेल्या कामाला दुसरा आवाज घेताहेत. घ्या! गेलं उडत. साबणाच्या जाहिराती करीन, लिफ्टमध्ये "दार बंद होत आहे" म्हणीन. पण ते वाक्य म्हणणार नाही.

शुक्रवार, १३ मार्च

लेकीला सगळा प्रकार साभिनय सांगितला. वाटलं, टाळ्या वाजवील. ती खाली बघत म्हणाली, "तुला सोपं आहे, आई."

काय सोपं? हातचं काम घालवणं? फणकाऱ्याने स्वयंपाकघरात गेले आणि घासलेली भांडी पुन्हा घासली.

रविवार, २२ मार्च

अकरावा भाग लागला. एकटीनेच पाहिला. राजाने कोठार उघडलं, ती खाली बसली, आणि — माझा आवाज! तेच वाक्य, शब्दन् शब्द! मी उच्चारलंसुद्धा नव्हतं. माझ्या जुन्या रेकॉर्डिंगचे तुकडे जोडले की काय? एवढी हिंमत! उद्या स्टुडिओत जाऊन दिग्दर्शकांची गचांडी धरते. सोडत नाही!

सोमवार, २३ मार्च

चपला घालत होते. लेक दारात आडवी आली. "जाऊ नकोस. मी बोलले ते. तुझ्यासारखा आवाज म्हणून त्यांनी मलाच बोलावलं."

माझ्या तोंडातून निघालं ते काय, तर — "किती टेक लागले?"

तिच्या हातात फोन वाजत होता. उचलत नव्हती.

"एकच. मी ह्याला रोज हेच म्हणते, आई."