एकशे बहात्तर अंशांचं स्थळ

सौ. रचनाआक्का हिला वडगावहून धाकट्या माधवीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार. तुझी कंबर आता वाकते का? भाऊजी बरे असतीलच (त्यांचं कधी काही बिघडल्याचं ऐकलं नाही). फोनवर तू तीनदा विचारलंस, पोरगा पसंत आहे का नाही, एवढंच सांग. एवढंच सांगता येत नाही म्हणून हे पत्र (फोन घेतला की आई दाराशी येऊन तांदूळ निवडायला बसते).

तू धाडलेलं स्थळ, म्हणजे भाऊजींचा मावसभाऊ साईनाथ, निपाणीहून जुन्या टू-स्ट्रोक गाडीवर आलं. पोहे झाल्यावर पाहुणे म्हणाले, मुलीला काही विचारायचं असेल तर विचारू दे. शहाण्या मुलीनं पगार विचारला असता. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केलेली, त्यात गाडीचा आवाज अंगणातच ऐकलेला. विचारून बसले, तुमच्या गाडीचा एक्झॉस्ट पोर्ट किती अंश उघडा राहतो? (सिलिंडरच्या भिंतीत धूर जायला भोक असतं गं. पिस्टन खाली गेला की उघडतं, वर आला की झाकतं. एका फेऱ्यात ते किती अंश उघडं, त्यावर गाडीचा सगळा स्वभाव.) आईनं कपाळाला हात लावला. त्यानं मात्र मान वर करून ताडकन सांगितलं, एकशे बहात्तर! आप्पांची चाळीस वर्षं माग जुळवण्यात गेलेली, ते एकदम सरसावून बसले. "रं पोरा, पुढच्या रविवारी हितं आमच्याम्होरं मोज. आकडा जमला तर पोरगी, न्हाय तर नुसता च्या."

रविवारी तो हत्यारं घेऊन हजर! स्वतःच्या आईच्या जेवणाच्या ताटाला मधोमध भोक पाडून त्यावर अंशांचा कागद चिकटवून आणलेला. ते ताट इंजिनाच्या फिरत्या दांड्यावर बसवलं, तारेचा काटा लावला, पिस्टन अगदी वर कुठं येतो ते शोधून तिथं शून्य धरलं. आपल्या घरी धाग्याला काय तोटा? रेशमाचा धागा पोर्टातून आत सोडला. धागा सुटला की पोर्ट उघडा, चिमटला की बंद. तो बॅटरी धरून धाग्याकडं बघत इंजिन फिरवणार, मी ताटाजवळ बसून आकडा वाचणार, आणि मोतीबिंदूचं नुकतंच ऑपरेशन झालेले आप्पा खाटेवरून वजाबाकी करणार. सगळी गल्ली गोळा झाली होती, आक्का!

पहिल्या खेपेला तोच थांबला. "आप्पा, धागा आदीच चिमटलाता, माझा हात पुढं गेला. ह्यो आकडा धरू नका." आप्पा म्हणाले, "चालतंय रं थोडं." पण त्यानं ऐकलं नाही, चार वेळा पहिल्यापासून मोजलं. मला तो तिथंच आवडला, स्पष्ट लिहिते. शेवटी मी मोठ्यानं वाचलं: उघडला चौऱ्याण्णवला, मिटला दोनशे सहासष्टला. आप्पांनी बोटांवर वजाबाकी केली आणि मांडीवर थाप मारली, "एकशे बहात्तर! बरोबर हाय की गं!" आईनं साखर वाटली (ताटाला भोक पाडणाऱ्याच्या घरी पोरगी द्यायची कशी, हे पुटपुटत का होईना). तेव्हा पसंत. तिकडं कळव.

तुझी,
माधवी

ता. क. खरे आकडे अठ्ठ्याण्णव आणि दोनशे बासष्ट. म्हणजे एकशे चौसष्ट. तो खोटं बोलला नव्हता, एकट्यानं मोजताना चुकला असणार. पण आप्पांना हे कोण पटवणार? म्हणून चार अंश इकडचे आणि चार तिकडचे मी ढापले. एकाच बाजूचे आठ ढापले असते तर आप्पांनी तिथंच पकडलं असतं (उघडण्याचा आणि मिटण्याचा आकडा मिळून तीनशे साठच भरावे लागतात).

आणखी एक, आणि हेच तातडीचं. तो एकशे बहात्तरच्या हिशेबानं नवा सायलेन्सर बनवून घ्यायला पुढच्या आठवड्यात कोगनोळी नाका ओलांडून कागलला निघालाय (सायलेन्सरची लांबी ह्याच आकड्यावर ठरते, चुकली की गाडी ओढायची नाही आणि माझं बिंग फुटेल). भाऊजींना काहीही सांग, पण त्याला अडव. लग्न झाल्यावर मी पुन्हा मोजायला बसवीन, तेव्हा चूक आपोआप त्याचीच निघेल.