वळणावरचा हॉर्न

ती. पप्पा,

गुवाहाटीहून बुद्धप्रियाचा जय भीम. फोनवर तुम्ही "बरं हाय" म्हणून लगेच आईकडं देता, म्हणून हे पत्र.

मी मजेत आहे. भाकरी मिळत नाही, पण भाताची सवय झाली. ऑफिसातून आले की मोबाईलवर बसचा गेम खेळते. गेम चालतो आपल्या घरच्या कॉम्प्युटरवर, इथं नुसतं चित्र येतं. म्हणून तर तो बंद करू नका म्हणते.

काल घाटात वळण आलं आणि मी काही न दाबताच हॉर्न वाजला! वाटलं, मोबाईल बिघडला. पुढच्या वळणावर परत वाजला. मग कळलं, जन्मभर एसटी चालवलेला माणूस कॉम्प्युटरपुढं बसलाय की! बटण कुठून शोधलंत? मी खोलीत एकटीच लई हसले.

रिटायर झाल्यापासून तुम्ही नुसते पडून असता, असं आई म्हणत होती. गुडघा कसा आहे?

रविवारी संध्याकाळी गेममधली बस स्टँडवर लावून ठेवते. बाणांच्या बटणांनी वळवायची. मी नुसती बघणार. दोनदा मिस्ड कॉल आला की डबल बेल समजा आणि गाडी सोडा.

तुमची कंडक्टर,
बुद्धप्रिया