झूल कुणी आणली

लातूर

प्रिय पारू,

तुझं पत्र मिळालं. उदगीरच्या छावणीत माशा कमी झाल्या, आपली चांदी आता निवांत रवंथ करते, हे वाचून बरं वाटलं. खरं सांगू? बरं वाटलं न्हाई.

इकडं जिल्हा नवा झालाय. कचेऱ्यांच्या भिंती उठायला लागल्यात, म्हणून माझं गवंडीकाम चालू आहे. तिकडं दुष्काळानं शिवारात काडी उरली न्हाई, म्हणून तू गाय घेऊन गुरांच्या छावणीत. तुझ्या पहिल्या पत्रात नुसत्या माशाच होत्या. शेणाचा ढीग वरून वाळलेला, उकरला की आत ओला आणि अळ्यांनी वळवळणारा. भाकरीवर माशा, चांदीच्या डोळ्यांत माशा, चावून चावून तिचे पाय रक्ताळलेले. त्या दिवशी मला घास गेला न्हाई.

मग पत्रात व्यंकटभाऊ आले, शेजारच्या दावणीचे. ढीग घालू नका, शेण उन्हात पातळ पसरा, वाळलं की अळ्या मरतात, असं त्यांनी सांगितलं. चांगलंच केलं. पुढच्या पत्रात व्यंकटभाऊंनी चांदीच्या पायांना कडुलिंबाचा पाला वाटून लावला. आणि कालच्या पत्रात नुसता व्यंकट. व्यंकट असं म्हणाला, व्यंकट तसं म्हणाला. त्यातला भाऊ कुठं गेला, पारू? गावात असताना माझ्याशी तरी एवढं बोलायचीस का?

तू लिहितेस, कुणीतरी चांदीसाठी तरटाची झूल ठेवून गेलं, व्यंकटनंच आणली असेल, पण गडी कबूल करत न्हाई. कसा करील? ती मी आणली होती. गेल्या सोमवारी कामाचा खाडा करून आलो होतो. छावणीच्या फाटकातूनच तुम्ही दोघं दिसलात, खोऱ्यानं शेण पसरताना. तो म्हणाला, "वैनी, उरलेल्या माशा आता लातूरला धाडू." तू पदर तोंडाला लावून हसलीस. लग्नाच्या वर्षी हसायचीस, तशी.  झूल फाटकावरच्या राखणदाराकडं दिली, चांदीच्या दावणीला ठेव, नाव सांगू नको म्हटलं आन् माघारी फिरलो. एवढं सांगायलाच आज लिहायला बसलो. शनिवारी मी येतोय. तोवर शेण त्याला पसरू दे, पाला लावू दे. हसणं तेवढं माझ्यासाठी ठेव.

तुझाच,
मलप्पा