तिथेच म्हणजे कुठे?

४ फेब्रुवारी, मंगळवार

मीठ सापडलं नाही.

सकाळी सगळे आपापल्या घाईत. म्हटलं, एक अंडं उकडून घ्यावं, कशाला कुणाला त्रास! अंडं मिळालं, पातेलं मिळालं, मीठ मिळेना. मुलीला विचारलं. ती न्हाणीघरातून ओरडली, "तिथेच आहे, बाबा!" जावयाला विचारलं. तो बूट घालता घालता म्हणाला, "तिथेच असतं बघा." नातीला विचारलं. तिनं मान वर न करता हवेत हात फिरवला – "तिथेच!"

आता 'तिथेच' हा काय पत्ता झाला? अंडं अळणी खाल्लं.

माझा जन्म गेला बोटीवर, भटारखान्यात. तिथे प्रत्येक बरणीला खाच आणि प्रत्येक खाचेला आडवी दांडी. नाहीतर पहिल्याच मोठ्या लाटेला सगळ्या बरण्या आचाऱ्याच्या डोक्यात! डोळे मिटून हात घातला तरी मीठच लागायचं. इथे डोळे उघडे ठेवून चमच्यांच्या डब्यात हात घातला, तर स्क्रू-ड्रायव्हर लागला.

काल आलो. खोलीवर पाय घसरून पडलो तेव्हापासून मुलीनं धोशा लावला होता – "महिनाभर बघा तरी राहून!" माझ्या घरमालकीणबाई भल्या. म्हणाल्या, "महिनाअखेरपर्यंत खोली तुमची. मग मात्र दुसऱ्याला देणार." म्हणजे अठ्ठावीस तारखेपर्यंत ठरवायचं – इथे राहायचं की परत जायचं.

५ फेब्रुवारी

मीठ सापडलं. खिडकीत, कुंडीच्या मागे. साधं विचारतो – का?

७ फेब्रुवारी, शुक्रवार

हे स्वयंपाकघर आहे की धर्मशाळा? मुलगी हॉस्पिटलात नर्स. कधी दिवसपाळी, कधी रात्रपाळी, त्यामुळे घरात जेवायची वेळ अशी नाहीच. गॅस जवळजवळ विझतच नाही. जावई शाळेत भूगोल शिकवतो आणि पेपर तपासतो ओट्यावर. एका उत्तरपत्रिकेवर टोमॅटोचा डाग होता, त्यानं त्याभोवती लाल गोल काढून 'हा माझा' असं लिहिलं! नात नऊ वर्षांची. सारखी गुणगुणत असते म्हणून तिला सगळे भुंगा म्हणतात. ती पिठाच्या डब्यावर बसून गृहपाठ करते. म्हणजे पीठ हवं असेल तर आधी भुंगा उठवायचा.

शिवाय वरच्या मजल्यावरचा सुतार पाय मोडून पडलाय, त्याचा डबा इथून जातो. खालची बाळंतीण, तिचं सूपही इथूनच. कोण म्हणालं यांना? कुणीच नाही. "एवढं करतोच आहोत, त्यात दोन मुठी जास्त," म्हणे मुलगी.

कांदे हेल्मेटमध्ये असतात. हेल्मेट खुंटीला उलटं टांगलेलं.

मी नुसता पाहतोय. उठलो की मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही बसा हो." चमचा उचलला की, "राहू द्या, तुम्ही बसा." इतका बसलो की पाठीला खुर्चीच्या पट्ट्यांचे वळ उठलेत.

९ फेब्रुवारी, रविवार

आज फजिती! टेबलावर ताटं मांडायला मिळाली (एवढं तरी दिलं करायला). मी सवयीनं टेबलक्लॉथ आधी ओला करून, पिळून अंथरला. बोटीवर तसंच करतात, ताटं घसरत नाहीत. सगळे जेवायला बसले आणि सगळ्यांच्या बाह्या कोपरापर्यंत ओल्या! जावई गंभीर चेहऱ्यानं म्हणाला, "सासरेबुवा, वादळाचा इशारा आधी द्यायचा ना!" भुंगा हसून हसून टेबलाखाली गेली. तिथेही पाणी टपकत होतं.

पुष्कळ दिवसांनी चार माणसांत जेवलो. बरं वाटलं. लिहून ठेवतो, तोंडानं काही मी हे सांगणार नाही.

१२ फेब्रुवारी, बुधवार

घर रिकामं! दिवसभर कुणी नाही. बाह्या सरसावल्या.

सगळं बाहेर काढलं. बरण्या घासल्या, उंचीप्रमाणे लावल्या. मीठ गॅसशेजारी. कांदे टोपलीत, हेल्मेट बाहेरच्या खोलीत. स्क्रू-ड्रायव्हर हत्यारांच्या पेटीत. चमचे चमच्यांत, पळ्या पळ्यांत. फुटकं, मोडकं, बिनझाकणाचं – सगळं कचऱ्यात. ओटा असा घासला की त्याचा खरा रंग हिरवा आहे हे मलाच काय, या घरालाही आज कळलं असेल.

काय दिसतंय! बोटीचा कप्तान असता तर त्यानं पाठ थोपटली असती. गुडघा ठणकतोय, पण बिघडलं कुठे? आता येतीलच सगळे.

१३ फेब्रुवारी, गुरुवार

काल संध्याकाळी आले सगळे. "वा, बाबा!" झालं. जावयानं ओट्यावर हात फिरवून बघितला. आणि मग सुरू झालं –

"किसणी कुठंय?" "गाळणं कुठंय?" "माझी खोडरबराची डबी कुठंय?"

आणि 'तिथेच!' म्हणायला घरात कुणी नाही. मी एकटा सांगतोय – वरची फळी, दुसरी रांग, डावीकडे! गॅसची कळ गळून पडली. ती रोज स्क्रू-ड्रायव्हरनं आवळतात, म्हणून तो चमच्यांत होता. तो शोधेपर्यंत भाजी करपली. मुलगी हेल्मेट शोधत राहिली आणि रात्रपाळीला उशिरा पोचली.

त्यात भात. जावयानं केला. त्याची पेज झाली. "कप सापडला नाही," तो हळूच म्हणाला. "कानतुटका." मी छाती काढून म्हणालो, "तो फेकला. दुसरे सहा आहेत की धड!"

भुंगा गुणगुणायची थांबली. मग मला समजलं. तांदूळ, पाणी, पीठ, चहाचं दूध, सगळं या घरात त्या कानतुटक्या कपानं मोजतात. मुलीच्या आईचा कप तो. तिच्या वेळेपासूनचं माप. मी बोटीवर असायचो. मला शिजलेला भात माहीत, तो कशानं मोजला ते कुठून माहीत असणार? फार वाईट वाटलं. जेवण गेलंच नाही.

आज सकाळी कचऱ्याची गाडी यायच्या आत खाली गेलो. पिंपात खांद्यापर्यंत हात! सफाईवाल्या बाई आल्या, म्हणाल्या, "आजोबा, काय हरवलं?" म्हटलं, "कप." "सोन्याचा?" "नाही हो, कानतुटका." त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं, झाडू भिंतीला टेकवला आणि त्याही शोधायला लागल्या. बटाट्याच्या सालींखाली सापडला. धड! म्हणजे होता तेवढाच तुटका.

१४ फेब्रुवारी

मुलीला कप दिला. तिनं तो पदराला पुसतात तसा अंगातल्या गाउनला पुसला आणि ठेवला. कुठे? तिथेच.

ती रागावली नाही. गोड आवाजात म्हणाली, "जाऊ द्या हो, बाबा. तुम्ही बसा." हेच मला लागलं. परवा जावयानं दूध उतू घालवलं तर त्याला केवढं झापलं होतं तिनं. भुंग्याला तर रोज झापते. मला नाही. पाहुण्याला कोण रागावतं?

१६ फेब्रुवारी, रविवार

पसारा परत आला. कुणी आणला नाही, आपोआप आला. कांदे हेल्मेटमध्ये. ओटा पुन्हा दिसेनासा झाला.

मी तिकीट काढून आलो. अठ्ठावीसची दुपारची गाडी. जेवताना सांगितलं. मुलगी म्हणाली, "असं काय, बाबा?" जावई म्हणाला, "राहा ना, घर तुमचंच आहे." भला माणूस. पण घरच्याला कुणी 'घर तुमचंच आहे' म्हणतं का? ते पाहुण्यालाच म्हणतात.

१८ फेब्रुवारी, मंगळवार

जावई तापानं आडवा. मुलीला दोन-दोन पाळ्या, हॉस्पिटलात माणसं कमी. सकाळी निघताना ती दारात घुटमळली. "तुम्ही बसा" म्हणायला तोंड उघडलं आणि तसंच मिटलं.

सगळं माझ्या अंगावर! सुताराचा डबा, बाळंतिणीचं सूप, तापकऱ्याची पेज, भुंग्याची शाळा. नव्वद खलाशांना जेवू घातलंय मी, पण इतका घाम कधी फुटला नव्हता. तिथे कुणी पिठाच्या डब्यावर बसत नसे.

२० फेब्रुवारी

हे घर वेडं नाही! आज उमगलं. एका हातानं सूप ढवळत होतो, दुसऱ्या हाताला मीठ हवं होतं. हात आपोआप खिडकीकडे गेला, कुंडीमागे. कारण सूप ढवळताना तेवढाच हात पोचतो! गॅसशेजारी ठेवलं तर वाफेनं ओलं होतं – मी ठेवलेलं झालंच होतं ढेकूळ. आणि कांदे हेल्मेटमध्ये का? तर कांदे काढल्याशिवाय हेल्मेट घालता येत नाही. आणि कांदे ओट्यावर पडलेले दिसले की घरात राहिलेल्याला कळतं, आज भाजी तू करायचीस! कुणी ठरवलं नाही हे. काम करता करता झालं. मी मात्र उंचीप्रमाणे लावत बसलो होतो. शहाणा!

एकच गोष्ट माझ्या मनाची केली. ओला झारा ठेवायला इथे जागाच नाही. मी नळाच्या पाइपला दोरी बांधून, बोटीवरची गाठ मारून लटकवला. पाणी थेट मोरीत गळतं. कुणाच्या लक्षात आलेलं नाही. येऊ नये तेच बरं.

२१ फेब्रुवारी

सुतारानं डबा परत पाठवला. आत चिठ्ठी नाही, काही नाही. नुसता चाटूनपुसून स्वच्छ! याहून मोठं बक्षीस आचाऱ्याला काय हवं?

भुंगा पिठाच्या डब्यावर बसली होती. म्हटलं, "ऊठ." ती म्हणाली, "आबा, तुम्हीच बाजूनं हात घाला ना, मी पाय वर करते." घातला. निघालं पीठ. अंगावर सांडलं ते वेगळं.

२४ फेब्रुवारी, सोमवार

जावई उठला, हिंडूफिरू लागला. मुलीला आज सुट्टी. मी पुन्हा खुर्चीत.

घरमालकीणबाईंना कळवायचं राहिलंय. काय कळवू? जायचंच आहे, तिकीट काढलंय. पण खरं इथे लिहायला काय हरकत आहे – मला जायचं नाही. कुणीतरी हात धरून 'बाबा, नाही जायचं' म्हणावं, एवढंच हवंय. हे माझं मी कसं म्हणू? सत्तरीचा घोडा झालोय आणि भुंग्यासारखा रुसून बसलोय.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

बॅग भरली. भुंगा माझ्याशी बोलत नाही. गुणगुणतेय, पण रागानं.

मुलगी बटाटे सोलत होती, उद्या मला वाटेत खायला म्हणून. मी मदतीला सरकलो. ती सवयीनं म्हणाली, "तुम्ही –" आणि थांबली. मग आम्ही दोघंही सोलत राहिलो. सोलून झालेलेच बटाटे मी पुन्हा सोलले.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

दारात बसून बुटांच्या नाड्या बांधत होतो. बॅग शेजारी. आतून मुलगी ओरडली, "बाबा, झारा कुठंय?"

"तिथेच!" मी ओरडलो.

खण्णकन आवाज आला. झारा पाइपवरून निघाला. तिला सापडला! मी नाडी हातात धरून तसाच बसलो. आत भुंग्याचं गुणगुणणं थांबलं.

मग मुलगी केवढ्यानं तरी खेकसली, "आणि दारात बसलात काय नुसते? कांदे कोण चिरणार, मी?"

बूट काढले. खुंटीवरून हेल्मेट उतरवलं. घरमालकीणबाईंना खोली सोडल्याचं कळवायचं आहे. आधी कांदे.