टग्याची गादी

४ जानेवारी
टग्या झोपत नाही. पुढचे पाय फाकवून बसल्या बसल्या पेंगतो. आडवा झाला की धडपडून उठतो. ही म्हणाली, दवाखान्यात न्या. म्हटलं, कुत्रं आहे, होईल बरं. उगाच बाऊ!

७ जानेवारी
बाऊ नव्हता. डॉक्टरीणबाईंनी छातीत सुई घालून बाटलीभर लालसर पाणी काढलं — एवढ्याशा कुत्र्यातून! घरी येऊन माझ्या पायावर डोकं टाकलं आणि आडवा झोपला. घोरलासुद्धा. ही म्हणते, मालकावर गेलाय. जिंकलो बुवा!

१२ जानेवारी
पाणी परत भरलं.

१५ जानेवारी
तपासणीचा रिपोर्ट आला. छातीला आतून अस्तर असतं म्हणे, त्यालाच गाठी. कापून निघत नाहीत. पाणी काढत राहायचं, तेवढाच आराम.
मग बाईंनी विचारलं, घरात ॲस्बेस्टॉसचं काम कोण करतं? म्हटलं, मी करायचो. बॉयलरच्या पाइपांना त्याचं कापड गुंडाळायचो, जन्मभर. पण टग्या आला मी रिटायर झाल्यावर. त्याचा काय संबंध?
"तो झोपतो कशावर?"
शेवटच्या दिवशी त्याच कापडाचा तागा घरी आणला होता मी. जाड, ऊबदार, फुकट. हिने त्याची टग्याला गादी शिवली. दर रविवारी ही ती मागच्या दारात काठीने झोडपायची, आणि हा धुरळ्यात नाचायचा.
बाई म्हणाल्या, ती धूळ छातीत गेली की कुत्र्यात लवकर दिसतं. माणसात वर्षानुवर्षं दबून राहतं. तुमची छाती दाखवून घ्या.

१९ जानेवारी
थोरल्या मुलाने ओढतच नेलं. छातीचा फोटो साफ! डॉक्टरसमोरच रडला, गाढव.
धूळ उडू नये म्हणून गादी ओली करून जाड प्लास्टिकात बांधली. टग्या त्या रिकाम्या कोपऱ्यात जाऊन बसतो आणि माझ्याकडे बघतो. काय सांगू त्याला? पाणी काढलं की संध्याकाळपर्यंत परत धापा. बाई इंजेक्शनचं विचारत होत्या, शेवटच्या. मी ऐकलंच नाही असं केलं.

२३ जानेवारी
गेला. पाणी काढायला नेत होतो, गाडीतच. माझ्या मांडीवर, बसल्या बसल्या.

२६ जानेवारी
दुपारी आत डोकावलो. ही भिंतीला उशी लावून बसल्या बसल्या झोपलेली. हलवून म्हटलं, आडवी हो की.
"आडवं झालं की दम लागतो. बरेच दिवस झाले. तुम्ही म्हणाल, उगाच बाऊ."